पाटलीणबाईंचा रेडिओ आणि वासण्यातलं जमण

कौशल्याबाई शिर्क्यांना राग आला की त्या गुजरातीत बोलतात, आनंद झाला की मराठीत, आणि फारच आनंद झाला की दोन्ही एकदम. त्या सकाळी बडोद्याच्या वासणा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधून जे ऐकू येत होतं ते दोन्ही एकदम होतं.

"अहो, ऐकलंत का? एकोणनव्वद आलं! हाश! आव्युं खरुं!"

त्यांचे यजमान विश्वासराव अर्धी दाढी करून बाथरूमच्या दारात आले. "कोण आलं?"

"कोण काय कोण? साल आलं, साल! हेरंबरावांचा फोन होता. चिठ्ठी एकोणनव्वदची निघाली!"

विश्वासरावांनी गालाला फेस तसाच ठेवून हात जोडले, कुणाला ते त्यांनाच ठाऊक. पण त्यांनाही मनापासून बरं वाटलं होतं, कारण या एका चिठ्ठीपायी गेली काही वर्षं घरात जे चाललं होतं ते त्यांनी सोसलं होतं.

तर त्याचं असं आहे. बडोद्यात सोबत मंडळ म्हणून वाचणाऱ्या लोकांचं एक लहानसं मंडळ आहे. मंडळाचा एक खेळ आहे. वर्षातून एकदा चिठ्ठ्या टाकून मागचं एखादं साल काढायचं, त्या साली जी मराठी पुस्तकं धो धो खपली ती पुन्हा वाचायची, आणि एकेकानं उभं राहून एकेका पुस्तकाबद्दल बोलायचं. तेव्हा आपण कशासाठी वेडे झालो होतो, आणि आज ते वेड पुन्हा लागतं का? कौशल्याबाई मंडळात आल्या तेव्हापासून एकोणनव्वदची वाट बघत होत्या. निघायचं भलतंच. कधी साठ, कधी बहात्तर, एकदा तर दोन हजार चार. प्रत्येक वेळी बाई घरी येऊन कणीक अशी मळायच्या की विश्वासराव बाल्कनीत जाऊन उभे राहायचे.

एकोणनव्वदच का? कारण त्या साली त्यांनी आयुष्यातलं पहिलं मराठी पुस्तक वाचलं. हसू नका! बडोद्यात हे असंच असतं. शिर्क्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या मराठी बोलली जाते. आजोबा संस्थानच्या घोडदळात होते आणि घोड्यालासुद्धा मराठीत झापायचे. पण कौशल्याबाईंची शाळा गुजराती. पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं तेही गुजराती वळणाचं. पुढे गोरव्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी मांडायच्या खात्यात, नोकरी लागली, तिथलं सगळं लिहिणं गुजरातीत. मराठी ही तोंडातली भाषा, हातातली नव्हे. अजूनही त्या मराठी लिहितात ती गुजराती अक्षरांत, वरच्या रेघेविना. हेरंबराव गुप्ते, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष आणि निवृत्त प्राध्यापक, त्यांना नेहमी चिडवतात, "कौशल्याबाई, तुमच्या मराठीला छप्पर नाही हो!"

एकोणनव्वद साली कुणा पाहुण्याचं एक पुस्तक घरी राहून गेलं. 'पाटलीणबाईंचा रेडिओ'. त्या साली हे पुस्तक इतकं खपलं की पुण्यामुंबईकडच्या लोकांच्या तोंडी त्यातली वाक्यं होती म्हणे. कौशल्याबाईंनी ते सहज पिशवीत टाकलं आणि गोरव्याच्या बसमध्ये उघडलं. अक्षर अक्षर लावत पहिलं पान संपायला अख्खा आठवडा गेला. मग मात्र गाडी अशी सुटली की एके सकाळी त्या बसमध्ये मोठ्यानं हसल्या, कंडक्टर दचकला, आणि गोरव्याचा थांबा कधी मागे पडला ते बाईंना कळलंच नाही. त्या दिवशी टाइम ऑफिसातल्या बाईच उशिरा आल्या!

पण त्या पुस्तकाबद्दल बोलायचं कुणाशी? कारखान्यात मराठी वाचणारं कुणी नव्हतं. घरी विश्वासराव वर्तमानपत्रापलीकडे वाचत नाहीत. निवृत्तीनंतर मोठ्या आशेनं त्या सोबत मंडळात गेल्या, तर पहिल्याच दिवशी फजिती. कुणीतरी विचारलं, पुढच्या बैठकीला वेळ आहे ना? बाई म्हणाल्या, "हो हो, रविवारी मी नवरीच असते!" गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, मोकळी. मंडळात हशा पिकला तो थांबेचना. तेव्हापासून मंडळात बोलायचं म्हटलं की त्यांच्या जिभेला कुलूप लागायचं. आणि 'पाटलीणबाईंचा रेडिओ'चं नाव काढलं की हेरंबराव गोड हसून म्हणायचे, "खपाऊ पुस्तक होतं हो ते. त्या साली खपलं, संपलं."

संपलं कसं? बाईंच्या कपाटात ती चोपडी अजून होती. येईल जाईल त्याला त्या दाखवायच्या. लोक चाळायचे, छान छान म्हणायचे आणि परत ठेवायचे. एकदा, एकदाच कुणीतरी म्हणावं, द्या हो, मला वाचायचंय हे! एवढंच त्यांना हवं होतं. आणि आता एकोणनव्वद आलं होतं.

बैठकीची नेहमीची खोली रंगकामाला काढलेली. बाईंनी तोऱ्यात सांगून टाकलं, आमच्या सोसायटीचा हॉल घ्या, मी बघते सगळं. सून संयोगितानं मदत म्हणून भाषणाचा मजकूर शुद्ध मराठीत टाइप करून दिला. 'प्रस्तुत कादंबरीने तत्कालीन वाचकांच्या भावविश्वावर' असली वाक्यं. बाई पोळ्या लाटताना ती पाठ करत होत्या आणि 'भावविश्वावर'शी आल्या की दर वेळी पोळी फाटत होती.

सोसायटीत आणखी दोनतीन मराठी घरं आहेत. त्यांच्यासाठी म्हणून बाईंनी खाली फळ्यावर खडूनं सूचना लिहिली. सवयीप्रमाणे मराठी भाषा, गुजराती अक्षरं. 'रविवारी सकाळी अकरा वाजता हॉलमध्ये सोबत मंडळाचा मेळावा. साल १९८९. सर्वांनी अवश्य जमणे. कौशल्या शिर्के.' वाचून बघितलं, खूश झाल्या, हात झटकून वर गेल्या. आता मराठी माणसाला यात काय खटकणार? जमणे म्हणजे एकत्र येणे. पण बाकी सगळी सोसायटी गुजराती, आणि गुजरातीत जमण म्हणजे जेवणावळ! हे बडोद्यात जन्मलेल्या बाईला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण डोक्यात पाटलीणबाई असताना फळ्यावर कोण लक्ष देतं.

रविवार उजाडला. बाईंनी नारायणपेठ नेसली. हॉलमध्ये मंडळाचे सातआठ लोक, समोर खुर्च्यांच्या रिकाम्या रांगा. टेबलावर कौशल्याबाईंची चोपडी, कव्हर घालून. सुरुवात हेरंबरावांनी केली. त्या सालच्या एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीवर ते बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यं झाली नाहीत तोच दार उघडलं. एक कुटुंब आत आलं. मागून दुसरं. मग तिसरं. इस्त्रीचे कपडे, बायकांच्या केसांत गजरे, आणि पोरंबाळं आजीआजोबा सगळे बरोबर. बघता बघता रांगा भरल्या.

हेरंबरावांचा आवाज चढला. चष्मा पुसून ते गहिवरून म्हणाले, "मित्रहो, बडोद्यातला वाचक मेला असं कोण म्हणतं? हे बघा! हा बघा वाचक!"

वाचकांनी टाळ्या वाजवल्या. एका वाचकानं पुढे येऊन विश्वासरावांच्या हातात गुलाबांचा गुच्छ दिला आणि त्यांना कडकडून मिठी मारली. विश्वासराव गुच्छ धरून उभे राहिले. त्यांना कळेना, आपण पुस्तक तर वाचलं नाही, मग सत्कार कशाचा?

शेजारच्या फ्लॅटमधल्या हंसाबेन कौशल्याबाईंच्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसल्या. त्यांनी बाईंचा हात दाबला आणि घड्याळाकडे बघितलं. "हॅपी ॲनिव्हर्सरी! पण कौशल्याबेन, जमण केटला वागे?"

"कसलं जमण?"

"फळ्यावर लख्युं छे ने! साल नेव्याशी, बधाने जमण. आजे तो में गॅस ज नथी सळगाव्यो."

कौशल्याबाई ताडकन उभ्या राहिल्या. त्यांनी मान वळवून मागे बघितलं. अख्खी सोसायटी जेवायला बसली होती! कुणाच्याच घरी गॅस पेटला नव्हता. एकोणनव्वद हे लग्नाचं साल आणि आज त्याचा वाढदिवस, असं समजून आलेली ही माणसं, आणि हॉलच्या मागच्या टेबलावर होता फक्त पाण्याचा जार आणि मंडळापुरती बिस्किटं.

त्या संयोगिताला ओढून कोपऱ्यात घेऊन गेल्या. तिनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आई! आता? मी माइकवर सांगू का, गैरसमज झालाय म्हणून? समजून घेतील."

"अगं, शुद्धीवर आहेस का? जेवायला आलेल्या माणसाला परत पाठवू? शिर्क्यांच्या घरातून?" बाईंचा आवाज एकदम टाइम ऑफिसातला झाला. "तू आणि हे, दोघं स्कूटरवर जा. घरातली मोठी पातेली घ्या. कोपऱ्यावरच्या सेव-उसळवाल्याला सांग, आज दुसरं गिऱ्हाईक नाही. उसळ, सेव, तरी वेगळी, पाव भरपूर. पळ!"

विश्वासराव गुच्छासकट निघाले.

इकडे हेरंबरावांचं भाषण संपलं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, यावेळी जरा घाईनं. पोरं चुळबुळ करू लागली. मागे एक आजोबा जावयाला विचारत होते, वाढायला कधी घेणार? हेरंबरावांनी माइक पुढे केला. "आता कौशल्याबाई शिर्के, 'पाटलीणबाईंचा रेडिओ'."

बाई उभ्या राहिल्या. हातात कागद. समोर भुकेली सोसायटी. मंडळाचे सातआठ लोक पहिल्या रांगेत, तोच हशा ओठांत धरून बसल्यासारखे बाईंना वाटले. "प्रस्तुत कादंबरीने..." बाईंनी सुरुवात केली. "तत्कालीन वाचकांच्या भाव... भाववि..." जीभ अडकली. मागच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली, चांगली मोठी. उसळ यायला वेळ होता, ही माणसं आता उठणार, आणि एकोणनव्वद काही पुन्हा निघणार नव्हतं.

त्यांनी कागदाची घडी घातली, कमरेला खोचली आणि हंसाबेनकडे बघून बोलायला लागल्या. "हंसाबेन, एक गाव होतं. गाममां एक ज रेडिओ. कुणाचा? पाटलीणबाईंचा. विधवा बाई. घरात कुणी विचारत नाही, गावात कुणी विचारत नाही. पण संध्याकाळ झाली की बातम्या ऐकायला आखुं गाम तिच्या ओसरीवर!"

ही ना धड मराठी होती ना धड गुजराती. ही कौशल्याबाईंची स्वतःची भाषा होती, गोरव्याच्या बसमधली, वासण्याच्या जिन्यातली. मागची जांभई अर्ध्यावर थांबली.

"आणि एक दिवस रेडिओचे सेल संपले. बाहेर गाव बसलंय. आत बाई एकटी. सांगितलं तर सगळे उठून जाणार, उद्यापासून कोण येणार? बाई काय करते? रेडिओवर घालते कापड. आपण जाते कपाटाच्या मागे. नाक धरते, आणि..." बाईंनी खरोखर नाक धरलं. "आकाशवाणी. ठळक बातम्या!"

हॉल हसला. पोरं खुर्चीवर उभी राहिली. कौशल्याबाईंच्या अंगात आता काय संचारलं कोण जाणे, त्या टेबलाच्या मागे गेल्या, पदर खोचला आणि पाटलीणबाईच झाल्या. पहिल्या दिवशी बाईनं आठवतील त्या बातम्या सांगितल्या. दुसऱ्या दिवशी पाऊस सांगितला. तिसऱ्या दिवशी हिंमत करून सांगितलं, सरकारचा हुकूम आहे, गावची विहीर साफ करा. आणि सकाळी सरपंच स्वतः दोर घेऊन विहिरीवर! मग काय, रोज संध्याकाळी सरकार नवा हुकूम सोडायला लागलं. मुलींना शाळेत घाला. दारूचा गुत्ता हलवा. जो नवरा बायकोवर हात उचलेल त्याचं नाव उद्याच्या बातम्यांत येईल!

"वाह! आ तो जोरदार!" बायकांच्या रांगेतून आवाज उठला. "पछी? पछी शुं थयुं?"

पहिल्या रांगेत हेरंबराव खुर्चीच्या टोकावर आले होते. त्यांच्या तोंडाकडे बघायला मात्र बाईंना सवड नव्हती.

"पछी काय! दहा गावांत बोंब झाली की या गावाला वेगळा रेडिओ लागतो. बोंब पोचली कलेक्टरपर्यंत. एक दिवस जीप येऊन दारात उभी. खुद्द कलेक्टर उतरला. ओसरीवर सगळं गाव बसलेलं. पाटलीणबाई कपाटामागे, घामानं थबथबलेली. कलेक्टर रेडिओसमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला..."

आणि नेमका तेव्हाच हॉलचा दरवाजा धाडकन उघडला. पातेलं धरून विश्वासराव, मागे पावांची पोती घेऊन संयोगिता, तिच्यामागे सेव-उसळवाला स्वतः दुसरं पातेलं घेऊन. झाकण सरकलं आणि गरम उसळीचा, तरीचा, कांद्याचा वास सगळ्या हॉलभर गेला. सकाळपासून उपाशी असलेली माणसं ती! कौशल्याबाईंना वाटलं, झालं. आता उठतील. त्यांनी नकळत टेबलाची कड घट्ट धरली.

कुणी उठलं नाही.

विश्वासराव पातेलं घेऊन मधोमध आले तशी हंसाबेननी मानही न वळवता हातानं त्यांना बाजूला केलं. "त्यां मूको, विश्वासभाई. पहेलां कलेक्टर!"

"अरे बेसो ने, देखातुं नथी!" मागून आजोबा ओरडले. तेच ते, वाढायला कधी घेणार विचारणारे. सेव-उसळवाल्यानं पातेलं खाली ठेवलं आणि तोही भिंतीला टेकून उभा राहिला.

कौशल्याबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण पाटलीणबाई कपाटामागे अडकलेली, तिला तशीच ठेवून रडत कसं बसायचं? त्यांनी पदर पुन्हा खोचला.

"कलेक्टर म्हणाला, हं, करा चालू रेडिओ! कुणी हलेना. त्यानं स्वतः हात पुढे केला आणि कापड ओढलं. आत काय? गंजलेला डबा. सेल नाहीत, तार नाही. कपाटामागे बाईनं डोळे मिटले. संपलं सगळं! तेवढ्यात ओसरीवरून सरपंच उठला. साहेब, म्हणाला, हा रेडिओ बिघडलाय हे पहिल्या दिवसापासून आख्ख्या गावाला माहीत आहे. आवाज कुणाचा तेही माहीत आहे. पण साहेब, ही बाई आमच्याशी सरळ बोलली असती तर आम्ही ऐकलं असतं का? रेडिओ म्हणून ऐकलं. आता सवय झालीय. कापड तेवढं परत घाला, बातम्यांची वेळ झाली."

टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो थांबेचना. पोरं नाकं धरून 'आकाशवाणी' ओरडत पळायला लागली. हंसाबेन पदरानं डोळे पुसत होत्या आणि एकीकडे हसत होत्या. विश्वासराव पातेल्याजवळ डाव घेऊन उभे होते. इतकी वर्षं एका घरात राहून ही गोष्ट आपण आज पहिल्यांदा ऐकली, हे त्यांच्या चेहऱ्यावर साफ दिसत होतं.

मग जेवणं झाली. तरी झणझणीत होती, नाकं वाहिली, पाव कमी पडले आणि पुन्हा आणले गेले. ॲनिव्हर्सरी नाही हे कळल्यावरही गुच्छ कुणी परत मागितला नाही.

हात धुऊन हेरंबराव कौशल्याबाईंपाशी आले. नेहमीचं गोड हसू आज नव्हतं, त्या जागी काहीतरी पोरकट, उतावीळ होतं. "कौशल्याबाई, एक सांगू? मी ते वाचलेलंच नाही हो. खपतंय म्हणून वाचलं नाही. त्या सरपंचाचं बोलणं पुस्तकात असंच आहे?"

"अहो, पुस्तकात जास्त छान आहे!"

"मग द्या. आज रात्रीच बसतो."

बाईंना कानांवर विश्वास बसेना. द्या! हेरंबराव म्हणाले, द्या! त्या जवळजवळ धावतच टेबलाशी गेल्या. टेबल रिकामं होतं. त्यांनी कागद उचलले, टेबलाखाली वाकून बघितलं. चोपडी नव्हती.

"आ शोधो छो?" हंसाबेन दारात उभ्या होत्या. चोपडी त्यांच्या काखेत. "हुं लई जाउं छुं. हिंदी वंचाय छे तो आ केम नई वंचाय? लिपी तो एक ज छे ने!"

"बेन, वाचून झालं की माझ्याकडे द्या हां," हेरंबराव घाईघाईनं म्हणाले.

"तमने?" हंसाबेननी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "मारा पछी सामेवाळा जागृतिबेन. एमना पछी त्रीजे माळवाळा दादा. पछी तमे."

हेरंबरावांनी कौशल्याबाईंकडे बघितलं, काहीतरी वशिला लागतो का म्हणून. कौशल्याबाईंनी कमरेवर हात ठेवले. डोळे वाहत होते, आवाज मात्र अगदी कडक निघाला.

"तुमचा नंबर चौथा, हेरंबराव. आणि पान दुमडायचं नाही!"